भूर्जावरील अक्षरे

हिमालयाच्या उंच उतारांवर, जेथे इतर वृक्षांची सोबत हळूहळू सुटत जाते, तेथे भूर्ज नावाचा एक वृक्ष उभा असतो. त्याची साल फिकट, किंचित तांबूस झाक असलेली आणि कागदासारखी पातळ; हलक्या हाताने ओढली की तिचे पापुद्रे एकामागून एक सुटे होतात. कागद सर्वत्र पोचण्यापूर्वी काश्मिरातील आणि वायव्य प्रांतातील पंडित याच सालीवर ग्रंथ लिहीत. 1881 साली पेशावरजवळच्या बख्शाली या गावी जमीन खणताना गणिताची एक जुनी पोथी सापडली. ती भूर्जपत्रांवरच लिहिलेली आहे आणि तिच्यात शून्य एका टिंबाने दाखवलेले आहे. आज ती पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. लिहिणारे हात केव्हाच मातीस मिळाले. झाडाच्या सालीने मात्र त्यांचे शब्द राखले.

भूर्जाचे भाऊबंद जगाच्या थंड प्रदेशांत दूरवर पसरले आहेत. युरोप, रशिया, उत्तर अमेरिका या सर्व भूभागांत ते आढळतात. इंग्रज त्याला ‘बर्च’ म्हणतात; आणि नवल असे की ‘बर्च’ व ‘भूर्ज’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत. त्या देशांत या झाडाच्या सालीइतकेच त्याच्या लाकडाचेही मोल आहे. ते कठीण, फिकट रंगाचे आणि बारीक पोताचे असते. अशाच बर्चच्या तक्त्यांची ही हकीकत आहे. आणि योगायोगाने तिच्यातही काही अक्षरांची गोष्ट दडलेली आहे.

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेत घरोघरी मोटारी आल्या. सुट्टी लागली की कुटुंबेच्या कुटुंबे डोंगरांकडे, सरोवरांकडे निघू लागली. त्यांच्या मोटारींच्या मागे एक लहानसे घर जोडलेले असे. त्या चाकांवरच्या घराला ट्रेलर म्हणत. 1950 ते 1970 या काळात असे ट्रेलर पुष्कळ बनले. बाहेरून ते ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आणि पुढेमागे गोल उताराचे असत. त्यामुळे लोक गमतीने त्यांना मांसाच्या डब्याची उपमा देत. शास्ता नावाच्या ट्रेलरांना तर मागील बाजूस पत्र्याचे दोन छोटे पंखही बसवलेले असत. परंतु खरी शोभा आत होती. दार उघडून आत पाऊल टाकावे, तो भिंती, छत, कपाटे, सारे मधाच्या रंगाने उजळलेले दिसे. तो रंग बर्चच्या प्लायवूडचा आणि त्यावर चढवलेल्या वार्निशाचा होता.

प्लायवूड म्हणजे लाकडाच्या पातळ पदरांचा तक्ता. बर्चचा ओंडका भिजवून किंवा वाफवून मऊ करतात आणि यंत्रावर गरगर फिरवत त्याला लांब पात्याची धार लावतात. मग पेन्सिलीच्या टोकयंत्रातून निघावी तशी, परंतु अखंड आणि रुंद अशी लाकडाची पट्टी उलगडत बाहेर येते. असे तीन पदर एकमेकांवर चिकटवतात. मात्र मधल्या पदराचे तंतू उभे असतील तर बाहेरच्या दोहोंचे आडवे ठेवतात. दमट हवेत लाकूड तंतूंना आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही. म्हणून पदर असे उलटसुलट बसवले की प्रत्येक पदर शेजाऱ्याला आवरून धरतो. एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा तक्ताही अशा रीतीने सरळ राहतो आणि तरीही गोल उतारावर वाकवता येतो.

या गोष्टीतील ट्रेलर 1962 साली बनलेला. ऑरेगन राज्यातील विलामेट नदीच्या खोऱ्यात एका घरामागे तो उभा होता. घराचे मालक निवृत्त गृहस्थ. त्यांनी सारा जन्म शाळेची बस चालवली होती. 1979 साली त्यांनी तो जुनाच विकत घेतला आणि पुढे कितीतरी उन्हाळे पत्नी व मुलगी यांना घेऊन पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर काढले. कपाटाशेजारच्या अरुंद भिंतीवर मुलीची उंची दर वर्षी पेन्सिलीने नोंदलेली होती. 1982 ची रेघ सर्वांत खाली आणि 1990 ची सर्वांत वर. मग मुलगी मोठी होऊन दूर गेली, पत्नी जग सोडून गेली, आणि ट्रेलर तेवढा परसात उरला.

त्या खोऱ्यात हिवाळाभर पाऊस पडतो. पत्र्याच्या सांध्यांत भरलेले लुकण वर्षांनुवर्षे वाळते, त्याला भेगा पडतात, आणि पाणी आत शिरते. 1998 साली पुढच्या खिडकीखाली एक काळा डाग प्रथम दिसला होता. ते दिवस धावपळीचे होते. गृहस्थांनी डागावर पांढरा रंग फासला आणि वर एक पातळ फळी ठोकली. डाग झाकला गेला. पाणी मात्र झाकले गेले नाही. ते आपले काम मुकाट्याने करत राहिले.

2023 च्या उन्हाळ्यात त्यांची बारा वर्षांची नात सुट्टीसाठी आली. आईची रेघ आपल्या कितव्या वर्षाशी जुळते हे पाहावे म्हणून ती ट्रेलरमध्ये शिरली. भिंतीला हात टेकवताच खालचा भाग ओल्या पुठ्ठ्यासारखा दबला. तिने आजोबांना हाक मारली. आजोबा आले, त्यांनी पेचकस घेऊन खिडकीखालची फळी उचकटली. आतील लाकूड काळे पडून भुसभुशीत झाले होते. बोटांनी चिमूट घ्यावी तर तपकीर हाती यावी. तेथून ओल जमिनीलगत पसरत कपाटाशेजारच्या भिंतीपर्यंत पोचली होती. रेघा अजून शाबूत होत्या, पण सर्वांत खालच्या रेघेपासून ओल फारशी दूर राहिली नव्हती.

“आजोबा, हिच्यावर नवी फळी ठोकली तर?” नातीने विचारले.

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पंचवीस वर्षांपूर्वी मी तेच केले होते.”

खरी दुरुस्ती सोपी नव्हती. हे ट्रेलर आतून बाहेर अशा क्रमाने बांधलेले असत: आधी आतील भिंती आणि कपाटे, मग पाइनच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यात ऊब राखणारे अस्तर, आणि सर्वांत शेवटी बाहेरचा पत्रा. म्हणून कुजलेली भिंत मुळापासून बदलायची तर पत्रा बाहेरून सोलून काढावा लागे. दोघांनी एकेक स्क्रू काढून डब्यांत भरला आणि कोणत्या डब्यात कोणत्या सांध्याचे स्क्रू आहेत ते चिठ्ठ्यांवर लिहिले. चौथ्या दिवशी पत्रा उतरला आणि ट्रेलराचा लाकडी सांगाडा उघडा पडला.

आता बर्चचे तक्ते हवे होते. ऑरेगन हा प्लायवूडचाच मुलूख. 1905 साली पोर्टलंड शहरात भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात तेथील एका कारखान्याने स्थानिक फर झाडाचे प्लायवूड मांडले आणि त्यातून या प्रांतात मोठा उद्योग उभा राहिला. पण फर निराळा आणि बर्च निराळा. अमेरिकेत पिवळ्या बर्चची वने आहेत ती ईशान्येकडे आणि पंचमहासरोवरांच्या आसपास. पहिल्या दुकानात आग्नेय आशियातून येणारे लालसर लाकडाचे स्वस्त प्लायवूड होते. जुन्या ट्रेलरांचे पुष्कळ मालक तेच वापरतात. दुसऱ्या दुकानात ‘बाल्टिक बर्च’ होता, उत्तम प्रतीचा. पण त्याचे तक्ते पाच फूट लांब आणि पाच फूट रुंद असे चौरस येतात, म्हणजे उभ्या भिंतीला मध्येच जोड द्यावा लागला असता. शिवाय त्याची किंमत फार वाढली होती. हा माल बव्हंशी रशियातून येई. 2022 साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्यानंतर अमेरिकेने रशियन मालावर जबर कर बसवला. दूरच्या युद्धाची झळ अशी एका म्हाताऱ्याच्या परसातील ट्रेलरालाही लागली. अखेर तिसऱ्या ठिकाणी, कपाटे बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या एका वखारीत, आठ फूट लांब व चार फूट रुंद असे अमेरिकी बर्चचे चार तक्ते मिळाले. आजोबांनी पैसे मोजले आणि पाकीट खिशात ठेवताना म्हणाले, “यातला एकही वाया जाता कामा नये.”

पहिलाच वाया गेला. पुढच्या गोल भिंतीची मापे त्यांनी फीत लावून काटेकोर घेतली, त्याप्रमाणे आकृती आखली आणि तक्ता कापला. पण तो जागी बसेना. डावीकडे फट राही, तर उजवीकडे तक्ता अडे. कारखान्यात हे ट्रेलर माणसांच्या हातांनी जुळवलेले. त्यांची उजवी आणि डावी बाजू कधीच तंतोतंत सारखी नसते. आजोबा पायरीवर बसून राहिले. नातीला त्यांच्याकडे पाहवेना. ती परसाच्या कोपऱ्यात गेली. तेथे कुजलेल्या भिंतीचे तुकडे फेकून दिलेले होते. तिने ते एकेक उचलून अंगणात मांडायला प्रारंभ केला. काही तुकडे हाती घेताच मोडत. त्यांची कड ती कागदावर गिरवून घेई. सायंकाळपर्यंत जुनी भिंत जमिनीवर पुन्हा आकाराला आली होती, फाटकी, काळी, पण कडेच्या प्रत्येक वळणासह.

पूर्वी मुले अक्षर वळवण्यासाठी कित्ता गिरवत. कित्त्याचा कागद जुना आणि मळका असला तरी चाले. त्यावरचे वळण खरे असले की झाले. त्या सडक्या भिंतीचे तसेच होते. घराला तिचा आता काही उपयोग उरला नव्हता. तरी नव्या भिंतीला आपले वळण शिकवणे एवढे तिला अजून येत होते. दुसऱ्या दिवशी तो कित्ता तक्त्यावर ठेवून आजोबांनी रेघ मारली. वाकवण्यापूर्वी तक्त्याच्या पाठीवर गरम पाण्याचे फडके फिरवले आणि वरच्या पदराचे तंतू आडवे येतील अशी काळजी घेतली. तसे केल्याने पातळ तक्ता न चिरकता उताराला लागतो. या खेपेस तो जागेवर असा बसला की फटीतून कागदही जाईना.

तुकडे मांडताना नातीला आणखी एक गोष्ट दिसली होती. एका तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीने काही आकडे लिहिलेले होते आणि शेजारी एक बाण होता. 1962 साली कारखान्यातील कोणा कामगाराने भिंत बसवण्यापूर्वी आपल्या सोयीसाठी घातलेली ती खूण होती. पत्रा चढल्यानंतर ती एकसष्ट वर्षे कोणाच्याही दृष्टीस पडली नव्हती.

सर्वांत नाजूक काम राहिले ते रेघांच्या भिंतीचे. तिचा वरचा भाग निरोगी होता, खालचा गेलेला. आजोबांनी निरोगी लाकडापर्यंत आडवा छेद घेतला, खाली नव्या बर्चचा तुकडा जोडला आणि सांध्यामागे एक पट्टी सरसाने चिकटवली. जोड पक्का झाला. परंतु वरचा भाग जुन्या मधासारखा आणि खालचा दुधासारखा, असे विजोड रूप दिसू लागले. रंग जुळवल्यावाचून गत्यंतर नव्हते.

प्रथम त्यांनी कापातून उरलेल्या तुकड्यावर लाकडाला देण्याचा तयार रंग लावून पाहिला. बर्च तो सारखा शोषत नाही. कोठे गडद, कोठे फिका असे डाग उमटले. पॉलिश पेपरने ते घासून काढावे तर वरचा पदर मिलिमीटरभरही जाड नसतो. जरा जोर झाला की खालचा पदर डोकावतो. तेव्हा एका जाणत्या सुताराने त्यांना जुना उपाय सांगितला: चपडा लाख. तिच्या नारिंगी पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या आणि तो पातळ द्रव ब्रशाने लावायचा. प्रत्येक हात लाकडाला थोडी अधिक सोनेरी छटा देतो. हव्या त्या छटेला पोचले की थांबायचे.

पापड्यांचे पाकीट आले. नातीने ते उलटसुलट करून पाहिले आणि वाचले, “भारतात तयार झालेले.”

लाख हे एका इवल्याशा कीटकाचे देणे आहे. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर हे कीटक हजारोंच्या संख्येने वस्ती करतात, झाडाचा रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच रचतात. झारखंड आणि छत्तीसगड येथील जंगलांत, तसेच विदर्भाच्या वनपट्ट्यातही, लोक अशा फांद्या तोडून लाख खरवडून घेतात. ती धुऊन, वितळवून तिच्या पातळ पापड्या करतात. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांतही हीच लाख असे. पळसाच्या फांदीवरचे ते कण असे सातासमुद्रांपलीकडे जाऊन एका परक्या अंगणात भूर्जाच्या भेटीला आले होते.

येथेही एक चूक व्हायचीच होती. आजोबांनी बाटली खळखळून हलवली आणि गढूळ द्रवच नमुन्याच्या पट्टीला लावला. त्यावर टिकाऊपणासाठी पारदर्शक वार्निश चढवले. पण वाळल्यावर ते नखाने पापुद्र्यासारखे निघाले. लाखेत थोडे मेण असते, आणि मेणावर हे वार्निश धरत नाही. बाटली काही दिवस स्थिर ठेवली तर मेण तळाशी बसते. वरचा निवळ भाग तेवढा ओतून घ्यायचा असतो. वार्निश तर हवेच होते, कारण नुसत्या लाखेवर गरम पेला ठेवला तरी पांढरे वर्तुळ उमटते. तेव्हा बाटली निवांत ठेवली गेली, आणि दोघेही.

नातीने सहा पट्ट्या घेतल्या. पहिलीला लाखेचा एक हात, दुसरीला दोन, याप्रमाणे सहावीला सहा. त्या जुन्या भिंतीशेजारी धरून सकाळच्या उजेडात पाहिल्या, दुपारच्याही पाहिल्या. चौथी पट्टी जुळली, अगदी पुरती नव्हे, पण जुळली. मग खालच्या नव्या तुकड्याला त्यांनी चार हात दिले. लाख फार लवकर वाळते. ब्रश एकदा पुढे गेला की मागे वळायचे नाही, नाही तर दुहेरी पट्टे उमटतात. आजोबांचा हात थोडा थरथरत असे. म्हणून शेवटचे दोन हात नातीने दिले.

ऑगस्टच्या अखेरीस मुलीला न्यायला तिची आई आली. ती ट्रेलरमध्ये शिरली आणि कपाटाजवळ थांबली. 1982 च्या रेघेवर तिने बोट ठेवले. मग बोट खाली खाली सरकत सांध्यापाशी आले.

“सांधा कळतो आहे,” नात हिरमुसून म्हणाली.

“कळू दे,” आजोबा म्हणाले, “तो झाकायला गेलो तर मी पुन्हा 1998 सालात जाईन.”

आई काहीच बोलली नाही. तिने मुलीला भिंतीशी उभे केले आणि खिशात पेन्सिल शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी पत्रा पुन्हा चढवायचा होता. सांगाड्याच्या पट्ट्यांमधून नव्या भिंतीची पाठ बाहेरून अजून उघडी दिसत होती. तिला ओलीपासून जपण्यासाठी लाखेचा एक हात द्यायचा तेवढा राहिला होता. आजोबांनी तोच कामगाराच्या खुणेचा जुना तुकडा जवळ ठेवला, पेन्सिल घेतली आणि सावकाश लिहिले: “1998 साली येथे पाणी येत होते. मी डाग झाकला, गळती काढली नाही. 2023 साली नातीच्या मदतीने पत्रा काढून दुरुस्ती केली. वरच्या सांध्यातील लुकण दर वर्षी तपासावे.”

“हे कोण वाचणार?” नातीने विचारले.

“ही भिंत यानंतर जो उघडील तो.”

नातीने ब्रश लाखेत बुडवला आणि अक्षरे पुसली जाणार नाहीत अशा हलक्या हाताने त्यांवरून एकदाच फिरवला. लाख पाहता पाहता वाळली. मग दोघांनी पत्रा उचलला, सांध्यांत नवे लुकण भरले, आणि चिठ्ठ्यांवर पाहून ज्या त्या डब्यातला स्क्रू ज्या त्या जागी बसवला. भूर्जावरील ती चार वाक्ये पत्र्याआड गेली.